कामगाराचे आजारपण आणि त्याचा भार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे परळ-लालबागच्या चाळींतून कामगारांचे अर्ज लिहून देण्यात आणि त्या अर्जांमागे कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्यात वेचली. त्या अर्जांपैकी पुष्कळसे आजारपणाचे, बाळंतपणाचे आणि अपघाताचे असत. म्हणून त्यांच्या स्मृतीला धरून बोलावयाचे तर कामगाराच्या आजारपणाचा भार कोणी वाहावा, या प्रश्नाखेरीज दुसरा विषय मला योग्य वाटला नाही. या विषयाला सध्या एक तातडीही आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता देशभर अंमलात आल्या असून, त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने आजवरचे नऊ कायदे आपल्या पोटात घेतले आहेत. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ई.एस.आय.) कायदा, १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा, १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा हे सारे आता एका जिल्दीत बांधले गेले आहेत. एका जिल्दीत बांधल्याने त्यांच्यातील जुना विरोध मात्र मिटलेला नाही, आणि तो कोणता हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

हा विरोध समजण्यासाठी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गेले पाहिजे. कामगारनेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडून पाहिले होते. ते फेटाळले गेले. पुढे मुंबईच्या कायदेमंडळापुढे तसाच मसुदा आला, तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वास्तविक सरकारने उचलावयास हवा, असे त्यांनी मोकळेपणे मान्य केले. परंतु स्त्रीला कामावर ठेवण्यात मालकाचाही लाभ असतो, तेव्हा मालकाला अजिबात मोकळे सोडणे न्यायाचे नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा हा या देशातला असा पहिला कायदा. त्याने गिरणीतल्या बाईला प्रसूतीच्या काळात रोजचे आठ आणे मिळण्याची तजवीज केली. मात्र हे आठ आणे तिच्या गिरणीच्या मालकाने, आणि त्याने एकट्यानेच, आपल्या तिजोरीतून द्यावयाचे होते.

आता हे आठ आणे कोणत्या वाटेने चालले ते पाहा. ज्या मालकाकडे बायका अधिक, त्याला खर्च अधिक. ज्याच्याकडे बायकाच नाहीत, त्याला काही नाही. म्हणजे कायद्याने मालकाला जबाबदारी दिली आणि ती टाळण्याचा मार्गही त्याच ओळीत लिहून दिला. गरोदरपणाची चिन्हे दिसू लागताच बाईचे नाव हजेरीपटावरून उतरविणे, पात्रतेसाठी लागणारी अखंड नोकरी पुरी होऊ न देणे, आणि होता होईल तो विवाहित तरुण स्त्रीला कामावर घेण्याचेच टाळणे, या पळवाटा शोधण्यासाठी कोणाला फार बुद्धी खर्चावी लागली नसेल. मला येथे मालकांच्या दुष्टपणाची कथा सांगावयाची नाही. पाच-पंचवीस यंत्रमाग चालविणारा सज्जन मनुष्य असला तरी त्याच्या मनात हा हिशेब येतोच. मनुष्याने आपल्या सज्जनपणाची किंमत एकट्याने मोजावी आणि शेजारच्या कारखानदाराने ती न मोजता बाजारात स्वस्त विकावे, अशी रचना करून ज्या कायद्याने कामगाराचे भले करण्याचे योजिले, तो कायदा त्या कामगारालाच दाराबाहेर ठेवण्याचे कारण होतो. हा दोष मी रचनेचा समजतो, हेतूचा नव्हे.

या दोषावरचा उपाय ज्या गृहस्थांनी आपल्या देशापुरता प्रथम नीट आखला, त्यांचे नाव आज आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याचा मला खेद होतो. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. डॉ. आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि इंग्लंडात सामाजिक विम्याविषयीचा बेव्हरिजचा अहवाल निघून काही महिनेच लोटले होते. आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये आपला अहवाल सादर केला. पुढल्या वर्षी आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे दोन तज्ज्ञ, मॉरिस स्टॅक आणि राव, यांनी तो तपासून एक महत्त्वाची भर घातली: आजारपणाबरोबर बाळंतपण आणि कामावरचा अपघात हीही त्याच विम्यात गोवावी. या एका सूचनेने १९२९ च्या आठ आण्यांचा तिढा सुटण्यासारखा होता. मालकाने बायकांच्या संख्येवर काही द्यावयाचे नाही. सर्व मालकांनी सर्व वेतनावर वर्गणी द्यावयाची, कामगारांनी आपला लहानसा वाटा घालावयाचा, आणि प्रसूतीचा पैसा त्या सामाईक निधीतून यावयाचा. बाईला कामावर ठेवले काय आणि पुरुषाला ठेवले काय, मालकाची वर्गणी तीच.

१९ एप्रिल १९४८ रोजी राज्य विमा कायद्याला संमती मिळाली. योजना सुरू व्हावयाला मात्र जवळजवळ चार वर्षे लागली. त्या विलंबाचे एक कारण आमच्या विषयाच्या गाभ्यातलेच आहे. प्रारंभ कानपूर आणि दिल्ली येथे करण्याचे ठरताच तेथील मालकांनी हरकत घेतली, की आम्ही वर्गणी भरावी आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी भरू नये, तर बाजारात आम्ही टिकावे कसे? हरकत रास्त होती. १९५१ च्या दुरुस्तीने तिला उत्तर दिले ते असे, की योजना जेथे लागू नाही तेथील मालकांनीही वेतनाच्या पाऊण टक्का विशेष वर्गणी द्यावी आणि जेथे लागू आहे तेथील मालकांनी सव्वा टक्का. ज्या कामगाराला अजून दवाखाना दिसलेलाही नाही, त्याच्या मालकाने दुसऱ्या शहरातील कामगाराच्या औषधासाठी पैसा घालावा, हा विचार या देशाच्या विधिमंडळाने संमत केला, ही माझ्या मते स्वतंत्र भारताच्या कामगारविषयक विधिविधानातील अत्यंत उदात्त घटना होय. त्यानंतर २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेचे उद्घाटन झाले. नागपूर आणि मुंबई येथे ती १९५४ मध्ये आली. कानपुरात योजनेचे स्वतःचे दवाखाने होते; मुंबईत गल्लोगल्लीच्या खाजगी डॉक्टरांना नेमणूक देऊन ‘पॅनेल’वर घेण्यात आले. गिरणगावात पॅनेलचा डॉक्टर आणि त्याचे ‘फिट सर्टिफिकेट’ हे शब्द रोजच्या व्यवहारातले झाले, आणि परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय ही कामगाराची हक्काची जागा झाली.

या हक्काचे प्रत्यक्ष रूप किती साधे आहे हे पगाराच्या पावतीवर दिसते. अठरा हजार रुपये वेतनाच्या कामगाराची पावती हातात घ्या. कपातीच्या रकान्यात, भविष्यनिधीच्या खाली, ‘ई.एस.आय.’ असे लिहून १३५ रुपयांचा आकडा मांडलेला असतो. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या पाऊण टक्का आहे, तिचा हा आकडा. मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ रुपये, त्या पावतीवर बहुधा छापलेले नसतात. या ७२० रुपयांच्या बदल्यात त्या कामगाराच्या घरच्या सर्वांना औषधोपचार, आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता, क्षयासारख्या दीर्घ दुखण्यात त्याहून अधिक काळ आणि अधिक प्रमाणात साहाय्य, स्त्री कामगाराला बाळंतपणात २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन, आणि कामावर मृत्यू आल्यास अवलंबितांना निवृत्तिवेतन मिळते. ठेकेदाराने ही कपात केली आणि पैसा भरला नाही, तर मूळ मालक सुटत नाही. आणि कामगाराच्या वेतनातून कापलेला पैसा न भरणे हा फौजदारी कायद्याच्या दृष्टीने विश्वासघाताचा गुन्हा होतो. एवढी बांधीव तरतूद आपल्या देशात सामान्य मनुष्यासाठी फार थोड्या ठिकाणी आढळेल.

तरीही या इमारतीला दोन भेगा आहेत, आणि त्या दोन्ही संहितेतही तशाच उतरल्या आहेत.

पहिली भेग मर्यादेची. १९४८ मध्ये महिन्याला चारशे रुपयांपर्यंत मिळविणारा कामगार या योजनेत येत असे. १ जानेवारी २०१७ पासून ती मर्यादा २१ हजारांची आहे आणि आजतागायत तेथेच थांबली आहे. वीस हजारांचा कामगार, चांगले काम केले म्हणून, साडेएकवीस हजारांवर जातो. चालू वर्गणीची सहामाही संपेपर्यंत तो आत राहतो, तिच्या जोरावर त्यापुढे काही महिने लाभही मिळतो, आणि मग एके दिवशी दवाखान्याच्या खिडकीवर त्याचे कार्ड चालेनासे होते. घरी मधुमेहाची आई असेल, मुलाचे शस्त्रक्रियेचे ठरले असेल. पंधराशे रुपयांच्या वेतनवाढीने त्याचे किती गेले, हे त्याला त्या खिडकीवर कळते. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाडे भत्त्यासारखे काही भत्ते, एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंत, वेतनातून वगळले जातात. विम्याच्या जुन्या व्याख्येत हा भत्ता वेतनात धरला जाई. त्यामुळे बाहेर पडलेले काहीजण पुन्हा आत येतील, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्या रेषेपाशी मनुष्य पडतो ती रेषा तशीच आहे.

त्या रेषेपलीकडे त्याची वाट कोण पाहते? मालकाने घेतलेला सामूहिक आरोग्यविमा. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत केंद्राच्या गृहखात्याने कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला, आणि तेव्हापासून अनेक लहान आस्थापनांत प्रथमच अशी पॉलिसी आली. या व्यवस्थेची मी निंदा करणार नाही, कारण तिच्यामुळे अनेक घरे कर्जातून वाचली आहेत. परंतु तिचे स्वरूप ओळखले पाहिजे. तो करार मालक आणि विमा कंपनी यांच्यातला. कामगाराच्या हाती केवळ कार्ड. दर वर्षी नव्या दराने नूतनीकरण व्हावयाचे. मागल्या वर्षी दावे अधिक झाले असतील तर हप्ता वाढतो, आणि मालक खर्च सावरण्यासाठी प्रथम आईवडिलांना वगळतो किंवा त्यांचा हप्ता नोकराच्या माथी मारतो. आणि नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासून संरक्षण संपते. त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याची सोय नियमांत आहे, आधीच्या प्रतीक्षाकाळाची सूटही मिळते. पण हप्ता आता त्या बेकार मनुष्याने भरावयाचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर उठविण्यात आला. सामूहिक पॉलिसीवरील अठरा टक्के मात्र कायम राहिले. राज्यकर्त्यांनी कर उठवावयाचाच होता, तर ज्या हप्त्याचा बोजा शेवटी वेतनातून निघतो त्यावरचा आधी उठवावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी भेग जुनीच, आठ आण्यांची. २०१७ मध्ये प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली, आणि त्या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले होते, आजही करतो. परंतु एकाच कार्यालयातील दोन स्त्रिया पाहा. एकीचे वेतन २० हजार. तिच्या रजेचा पैसा विमा निधीतून येतो आणि मालकाला आपल्या सव्वातीन टक्क्यांपलीकडे काही द्यावे लागत नाही. दुसरीचे वेतन तीस हजार; तिच्या सहा महिन्यांचे सुमारे एक लाख ऐंशी हजार रुपये मालकानेच द्यावयाचे, शिवाय तिच्या जागी बदली मनुष्य ठेवून त्याचा पगार वेगळा. म्हणजे आडारकरांनी आणि स्टॅक-रावांनी सोडविलेला तिढा रेषेच्या वर आपण पुन्हा घट्ट बांधला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९५२ च्या प्रसूतिसंरक्षण कराराने, अशा लाभाच्या खर्चास कोणताही मालक वैयक्तिकरीत्या जबाबदार राहणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. भारताने त्या करारास मान्यता दिलेली नाही. सात आठवड्यांचे वेतन मालकाला सरकारने परत करावे, अशी एक तजवीज २०१८ मध्ये पुढे आली होती. संहितेच्या मजकुरात ती उतरली नाही. मुलाखतीत तरुण विवाहितेला विचारले जाणारे प्रश्न आपण सर्वजण जाणतो. त्या प्रश्नांवर बंदी घालून ते थांबणार नाहीत. खर्चाची वाट बदलली तरच थांबतील.

न्यायालयांनी या काळात जे केले ते कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना, त्या कायम नाहीत या सबबीवर प्रसूतिलाभ नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. आणि कंत्राटाची मुदत संपली तरी आधी जडलेला प्रसूतिलाभाचा हक्क संपत नाही, असे २०२३ मध्ये. विमा रुग्णालयातील हयगयीबद्दल कामगाराला ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागता येते, हे २००७ मध्ये ठरले. आपण वर्गणी भरतो म्हणून आपण दयेचे याचक नाही, हे तत्त्व त्या निकालाने मान्य झाले. पण या सर्वांहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९९५ चा ॲस्बेस्टॉस कामगारांचा निकाल. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात शिरले तर त्यांचे दुखणे कित्येक वर्षांनी, बहुधा नोकरी सुटल्यावर, उघडे होते. म्हणून आरोग्याचा हक्क हा कामगाराच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असून तो सेवानिवृत्तीनंतरही टिकतो, असे न्यायालयाने म्हटले, आणि प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीचे दप्तर नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर, जपण्याचा हुकूम केला. नोकरी संपते पण नोकरीने दिलेला रोग संपत नाही, ही गोष्ट येथे कायद्याने प्रथम डोळे उघडून पाहिली.

गिरणगावाने ती फार आधी अनुभवली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ज्या गिरण्यांचे दरवाजे पुन्हा उघडले नाहीत, तेथील कामगारांची वर्गणी थांबली, आणि वर्गणी थांबताच काही महिन्यांत विम्याचा आधारही गेला. कापसाच्या धुळीने छाती भरलेल्या माणसाला दवाखान्याची गरज सर्वांत अधिक होती ती नेमकी तेव्हा. कारखाना बंद पडल्यास बेकारभत्ता आणि उपचार देणारी योजना २००५ मध्ये आली. आणि निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पतिपत्नीचे उपचार चालू ठेवता येतात, ही सोयही चांगली आहे. पण बदली कामगाराचे काय? सहामाहीत ७८ दिवस भरल्याशिवाय आजारभत्त्याचा हक्क नाही, आणि त्याचे दिवस तर दारावरच्या हजेरीत त्या दिवशी नंबर लागतो की नाही यावर अवलंबून असत.

हक्क मालकाला बांधून न ठेवता माणसाला बांधावा, हे प्रत्यक्ष करून दाखविण्याचा मान महाराष्ट्राचा आहे, आणि ते घडले मशीद बंदरच्या दाणाबाजारात. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला मालक असा नव्हताच. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी उतरवावी, दुपारी दुसऱ्याची. प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने ‘मालक कोण’ या वादाला वळसा घातला. व्यापारी, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ. टोळीने ज्याच्याकडे काम केले त्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावयाची. आणि मंडळाने कामगाराच्या नावे भविष्यनिधी, उपदान, बोनस आणि वैद्यकीय उपचार यांची व्यवस्था करावयाची. दहा व्यापारी बदलले तरी कामगाराचे खाते एकच. या मंडळांत पुढे गैरव्यवहार शिरले, माथाडीच्या नावाने खंडणी उकळणारे लोकही निपजले, हे मी नाकारीत नाही. त्यांचा बंदोबस्त कठोरपणे झाला पाहिजे. पण त्यामुळे मूळ रचनेचे मोल कमी होत नाही.

हे मी इतक्या विस्ताराने सांगतो, कारण आज तोच हमाल दुचाकीवर बसला आहे. मोबाइलवरच्या कंपन्यांसाठी जेवण आणि सामान पोहोचविणाऱ्या तरुणाला संहितेने प्रथमच नाव दिले, हा तिचा सर्वांत मोठा नवा अंश होय. अशा कंपनीने आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, मात्र या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नव्हे, इतकी वर्गणी द्यावयाची आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदे केले, आणि त्यांतील कल्याणमंडळे व कामामागे आकारावयाची लेव्ही पाहिली की दाणाबाजाराची आठवण होते. महाराष्ट्राने मात्र, जेथे ही कल्पना जन्मली, असा कायदा अजून केलेला नाही. केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात या तरुणाने एका कंपनीकडे वर्षात ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस, काम केलेले असावे अशी अट होती. गिरणीच्या दारावरील बदली कामगाराच्या ७८ दिवसांशी हिचे नाते उघड आहे. ज्याचे दिवस त्याच्या हाती नाहीत, त्याच्यावर दिवसांची अट घातली की ती अट पाळणे किंवा मोडणे दुसऱ्याच्या मर्जीवर जाते. आणि येथे तर ‘आयडी ब्लॉक’ करण्याला, म्हणजे मोबाइलवरचे त्याचे खाते बंद करण्याला, मुकादमाचीही गरज लागत नाही.

म्हणून या सभेतील कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांना आणि वकील मित्रांना माझी विनंती आहे, की महाराष्ट्र सरकारपुढे तीन मागण्या सातत्याने मांडाव्यात: लेव्ही प्रत्येक खेपेवर कापली जावी आणि त्याच दिवशी कामगाराच्या नावच्या खात्यात दिसावी, कंपनीने त्याला बंद केले तरी आधीच्या वर्गणीवर उपचाराचा हक्क निदान सहा महिने चालावा, आणि दुचाकीवरील तरुणीच्या बाळंतपणाचा खर्च कोणत्याही एका कंपनीवर न टाकता या सामाईक निधीतूनच व्हावा. यांपैकी एकाही मागणीला नवे तत्त्व लागत नाही. पहिली माथाडी मंडळाच्या दप्तरात आहे, दुसरी राज्य विम्याच्या सहामाहीत आहे, आणि तिसरी १९४५ पासून आपल्या सरकारच्या कागदांत लिहून ठेवलेली आहे.